दिवाकरन, कंसात कवी

त्रिशूरला दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर कवी दिवाकरन मास्तर बसले होते. शेजारी त्यांची जुनी विद्यार्थिनी जलजा होती, ती इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहिते.

“माझं नाव शोधलं की देवळातला हत्ती का येतो गं?”

“त्याचंही नाव दिवाकरनच आहे, मास्तर.”

“मग त्याच्या नावापुढे कंसात हत्ती लिही.”

“कंस तुमच्या नावापुढे आहे. लोक त्यालाच जास्त शोधतात.”

“माझे अकरा संग्रह आहेत.”

“त्याच्या नावाने चार चाहतामंडळं आहेत.”

“म्हणजे माझ्या वाचकाने आधी हत्ती बघायचा?”

“हत्तीच्या पानावर ‘याच नावाच्या कवीसाठी इथे जा’ असं लिहिल्यापासून तुमच्याकडे महिन्याला चारशे लोक येतात. आधी नऊ यायचे.”



“हत्तीची तब्येत कशी असते हल्ली?”