अकरा खेपा

शंकरप्पा : आत्ता बाहेर गेले ते उदगीरचे बसवंतराव ना? अन् संगं त्यांची पोरगी, उमादेवी?

डॉक्टर : तुम्ही बसा आधी. महादेवी, तू टेबलावर बस, पाय खाली सोडून.

शंकरप्पा : बसतो की. पर ते कामून आलते?

डॉक्टर : तुम्ही कशाला आलात ते त्यांना सांगितलं नाही. त्यांचं तुम्हाला सांगणार नाही.

शंकरप्पा : न सांगता कळतंय, साहेब. लातूरच्या निवडीत आठशे मीटरला माझी पोरगी पहिली आली, त्यांची दुसरी. जिल्ह्यातून एकच जाणार औरंगाबादला. तुमी माझीला बसवली की त्यांची उठली. मी किराणा दुकानदार हाय, पर एवढं समजतं मला.

डॉक्टर : मी अजून पायाला हातसुद्धा लावला नाही.

शंकरप्पा : अन् तुमी पडले नांदेडचे. आमचा जिल्हा नवा. उस्मानाबादात होतो तवा आमच्या पोरींकडं कुणी बघितलं न्हाई. आता कुठं नाव लागलं, तर म्हणे तब्येतीच्या दाखल्यावर नांदेडच्या डॉक्टरची सही पायजे.

डॉक्टर : तुमच्या शाळेच्या भुजंग सरांनी पाठवलं म्हणून आलात. लातूरला असा डॉक्टर त्यांच्या ओळखीचा असता तर तिकडेच पाठवलं असतं.

शंकरप्पा : असा म्हंजे कसा? जनावराचा डॉक्टर ऐकला, दाताचा ऐकला. खेळाडूचं हाड काय वेगळं असतंय?

डॉक्टर : हाड तेच. फरक एवढाच, की माझ्याकडे येणाऱ्याला परत मैदानात जायचं असतं. ‘झोपून राहा’ म्हणून मला सुटता येत नाही. किती पळायचं, कधी थांबायचं, काय खायचं, सगळं बघावं लागतं. पहिलवान येतात, कबड्डीवाले येतात. सकाळी फिरायला जाणारे पेन्शनर मास्तरही येतात. महादेवी, कुठं दुखतं? एका बोटानं दाखव.

महादेवी : हितं. उजव्या नडगीला.

डॉक्टर : रात्री ठणकतं?

महादेवी : हाव.

शंकरप्पा : हे मला कवा बोलली न्हाई तू. अन् साहेब, हा लोखंडी चिमटा कशाला घेतला हातात?

डॉक्टर : हा नादकाटा. ठोकून हाडावर टेकवायचा. हाड आतून दुखावलं असेल तर त्याचा थरथराट तिथंच बोचतो.

महादेवी : अव्वा गं...

शंकरप्पा : असलं लोखंड लावल्यावर कुणी बी वरडंल.

डॉक्टर : आणा तुमचा पाय इकडं. दुखलं?

शंकरप्पा : न्हाई. गुदगुल्या झाल्या.

डॉक्टर : मग?

शंकरप्पा : मग काय? उदगीरला फोटो काढलाय मी हाडाचा. हे बघा. कुठं चीर हाय का दाखवा.

डॉक्टर : नाही दिसत. सुरुवातीला बऱ्याच वेळा फोटोत येत नाही.

शंकरप्पा : लई सोयीचं झालं. फोटोत दिसंना, मला दिसंना, तुमालाच तेवढं दिसतंय.

डॉक्टर : आता माझा संशय ऐका. सरांनी चिठ्ठीत लिहिलंय, रोज चार किलोमीटर पळते, रविवारी सुट्टी. एवढ्यानं चांगल्या पोरीच्या हाडाला असं होत नाही. तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवून राहिलात.

शंकरप्पा : मी पोरीवर हात उचलत न्हाई, साहेब. पायजे तर तिलाच इचारा.

डॉक्टर : तिलाच विचारतो. महादेवी, पळण्याशिवाय दिवसभर काय करतेस?

महादेवी : काही न्हाई. शाळा, घरकाम.

डॉक्टर : घरकाम म्हणजे?

महादेवी : भांडी, भाकरी, पाणी.

डॉक्टर : पाणी कुठून आणता?

महादेवी : आड आटले सगळे. नाल्यात झिरा हाय, खाली उतरून जावं लागतं. वाटीवाटीनं भरायचं.

डॉक्टर : किती लांब?

शंकरप्पा : हे कशाला? पाणी का नांदेडच्या बायका भरत न्हाईत?

डॉक्टर : किती लांब, महादेवी?

महादेवी : पाऊण किलोमीटर असंल. येताना चढ हाय. डोक्यावर दोन घागरी, एक कमरंवर.

डॉक्टर : कमरेची कोणत्या बाजूला?

महादेवी : उजव्या.

डॉक्टर : शंकरप्पा, दिवसाच्या किती खेपा होतात?

शंकरप्पा : असतील चार-पाच.

महादेवी : अकरा.

शंकरप्पा : अकरा कशाच्या गं?

महादेवी : पाच घरच्या. चार म्हशीच्या. दोन दुकानातल्या रांजणाच्या, गिऱ्हाइकाला प्यायला. अव्वाचं आपरेशन झाल्यापासून मीच भरते.

डॉक्टर : जाऊन-येऊन दीड. अकरा खेपा. साडेसोळा किलोमीटर, त्यातलं अर्धं तीन घागरी घेऊन, चढानं. आणि वरून सरांचे चार. आता मला कळलं.

शंकरप्पा : पाणी भरणं ह्याला कुणी पळणं म्हणतंय का, साहेब? आमच्या बायकांचे पाय तर त्यानंच दणकट झालेत. ती पहिली आली ती त्या खेपांनीच, असं मी आजवर गावात सांगून राहिलो.

डॉक्टर : तुमच्या बायका पाणी भरून पुन्हा आठशे मीटर पळत नाहीत. हाडाला कळत नाही कुठलं काम घरचं आणि कुठलं मैदानातलं. ते सगळं एकात धरतं.

शंकरप्पा : मग सही न्हाई करणार?

डॉक्टर : आज नाही. स्पर्धा दीड महिन्यावर आहे. चार आठवडे पळणं बंद. पाणी बंद. एकही घागर नाही. जेवणात दूध, डाळ, शेंगदाणे. मग परत या. दुखणं गेलं असेल तर हळूहळू पळवू, आणि तेव्हा सहीचं बघू. पण पाणी चालू राहिलं तर हाड खरंच मोडेल. मग ही स्पर्धा गेलीच, पुढचं वर्षही गेलं.

शंकरप्पा : अन् पाणी कोण आणणार? अव्वाला, म्हंजे हिच्या आईला, वाकता येत न्हाई.

डॉक्टर : ते औषध माझ्याकडं नाही.

शंकरप्पा : सायकल जात न्हाई नाल्यात. अन् गडीमाणसानं डोक्यावर घागर घ्यायची म्हणल्यावर गाव काय म्हणंल?

डॉक्टर : तेही मी सांगू शकत नाही. पोरीचा पाय मात्र सांगितला.

(एसटी स्टँड. मुखेडच्या गाडीची वाट बघत दोघं बाकड्यावर.)

शंकरप्पा : मला त्याचा भरोसा न्हाई. बसवंतरावचं नाव काढलं की कसा तोंड मिटून बसला, बघितलं का?

महादेवी : उमादेवी रडत होती.

शंकरप्पा : कवा?

महादेवी : भाईर, बाकड्यावर. आत जायच्या आधी, तुमी नाव लिवायला गेलता तवा. तिला बी महिनाभर पळायचं न्हाई म्हणले डॉक्टर. ती डांबरी सडकंवर पळती, तिची पोटरी दुखावली. तिचे आप्पा म्हणत होते, ह्या डॉक्टरला जळकोटच्या शंकरप्पानं फितवलं.

शंकरप्पा : मी?

महादेवी : हाव. लई शिव्या दिल्या तुमाला.

शंकरप्पा : मग आतमधी का न्हाई सांगितलं मला?

महादेवी : तुमी डॉक्टरला इचारत होता. मला न्हाई.

शंकरप्पा : ...रात्री ठणकतंय ते बी न्हाई सांगितलं.

महादेवी : सांगितलं असतं तर तुमी पळणं बंद केलं असतं. पाणी न्हाई.

शंकरप्पा : च्या पिती का?

महादेवी : नको.

शंकरप्पा : दूध घे मग. दूध प्यायला सांगितलंय त्यानं.

महादेवी : गाडी येईल, आप्पा.

शंकरप्पा : येऊ दे. महादेवी, झिऱ्यावर गर्दी कवा कमी असती?

महादेवी : पहाटं. पर चार-सहा बाया असत्यातच.

शंकरप्पा : हसतील.

महादेवी : हसतील की. दोन-चार दिवस.

शंकरप्पा : दुकान उघडायच्या आधी कितीक खेपा होत्यात?

महादेवी : मला सहा व्हायच्या. तुमाला तीन होतील.

शंकरप्पा : म्हशीला शेजारच्या मारोतीच्या शेतावर नेऊन बांधू. त्याच्या हिरीला अजून पाणी हाय. मागायला जायला लाज वाटत होती मला. जाईन उद्या.

महादेवी : अन् रांजण?

शंकरप्पा : गिऱ्हाईक घरून पिऊन येईल. बरं, ही माझी खांद्यावरची दस्ती बघ. हिची चुंबळ होईल का डोक्यावर ठेवायला?

महादेवी : होईल. पर आप्पा, घट्ट वळा. सैल राहिली की मान दुखती.