मजलिसच्या मधोमध

...आणि कारण काय, तर म्हणे खोलीला श्वास घेता येत नव्हता! खोलीला! अहो, पत्र्याची केबिन, आत चार खाटा, चार लोखंडी कपाटं, एक स्टोव्ह आणि दोरीवर चौघांच्या लुंग्या, श्वास घ्यायला आम्हालाच जागा नव्हती, आणि मी ड्यूटीवरून येतो तर माझी खाट सरकवून थेट मोरीच्या तोंडाशी! म्हटलं, "दौलत, हे काय रे?" दौलत म्हणजे आमचा रूममेट, सावर्ड्याचा सुतार. तर मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून म्हणतो, "नाना, ही वाट मोकळी हवी. सर्क्युलेशन." तुम्हाला सांगतो, त्या सर्क्युलेशनपायी आठवडाभर माणसं माझ्या उशाशी चुळा भरत होती. डिझाइन म्हणे, डिझाइन!

आता तुम्ही म्हणाल, सुतार आणि हे खूळ, कुठून शिरलं? तर ऐका. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल, सौदीतलं धाहरान, तेलाला सोन्याचा भाव, जो तो उठतोय आणि बांधकाम काढतोय. आम्ही राहायचो ठेकेदाराच्या कॅम्पात, म्हणजे वाळूत. आणि तारेच्या कुंपणापलीकडे कंपनीची साहेब मंडळी, तिथे हिरवळ, पोहायचा तलाव, आणि संध्याकाळी शाळेच्या इमारतीत काय, तर कम्युनिटी कॉलेज! इंजिनियरांच्या बायका दिवसभर कंटाळायच्या ना, त्यांच्यासाठी. सोमवारी केकवरची नक्षी, मंगळवारी फुलं खोचणं, आणि बुधवारी इंटिरियर डिझाइन. दौलत तिथे टेबलांचे पाय ठोकायला गेला आणि तिथेच बसला. शिकवणाऱ्या बार्बराबाईंनी म्हणे स्वतः सांगितलं, बस बाबा, खुर्च्या रिकाम्याच आहेत.

नाही, त्याचं कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्या-कामाच्या परवान्यावर, धंदा लिहिलेला होता नज्जार, म्हणजे सुतार. आणि सुताराला बायको आणायचा व्हिसा नाही. लग्नाला चार वर्षं झालेली, आणि नवराबायको एकत्र राहिली किती, तर दोन सुट्ट्या! आनंदीवहिनी तिकडे, हा इकडे. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही सगळे या देशात होतो तो अबू नासर, तो एकदा सहज बोलून गेला, "सर्टिफिकेट आण, माझी मजलिस सजव, पाहुण्यांनी वाहवा केली की तुझा धंदा बदलून देतो. मुहंदिस करतो तुला!" मुहंदिस म्हणजे इंजिनियर. आणि इंजिनियर झाला की बायको विमानात! झालं. त्या दिवसापासून हा रात्री झोपेत पडद्याचं माप घ्यायला लागला.

बरं, शिकवत काय होते? मी विचारलं एकदा. तर म्हणे बार्बराबाई सांगतात, "डावलाट, डोळे मिटून घे आणि खोलीला विचार, बाई गं, तुला काय हवंय?" अहो, आमच्या खोलीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, दोघांना बाहेर काढा! गृहपाठ काय, तर आपल्या घरातल्या पाहुण्यांच्या बेडरूमचा नकाशा. पाहुण्यांच्या! यानं मुकाट्यानं जमालुद्दीनची खाट काढली आणि खाली लिहिलं ‘गेस्ट’. जमालुद्दीन म्हणजे आमच्यातला दाभोळचा, अबू नासरची गाडी चालवायचा. तो म्हणाला, "माजी खाट ती गेस्ट काय रं? मी काय चार दिवसांनी जाताव?" आणि रंग! पिवळ्याला पिवळा म्हणायचं नाही. "नाना, हा मस्टर्ड." अरे मस्टर्ड म्हणजे मोहरी, मोहरी काळी असते, घरी फोडणीला पाहिलीस ना? पण नाही. डिझाइन म्हणे, डिझाइन!

आणि सगळ्यात मोठं ज्ञान कुठलं? भिंतीला फर्निचर लावणं हा म्हणे अडाणीपणा! सगळं मधोमध ओढायचं, गोल करायचं, मध्ये एक बघण्यासारखी वस्तू ठेवायची, मग माणसं जवळ येतात, गप्पा रंगतात. इतकं साधं असतं हो माणसं जवळ येणं! मग याच्या बायकोला व्हिसा कशाला हवा होता, दोन खुर्च्या गोलात ठेवायच्या की!

सर्टिफिकेट मिळालं. हा हातोडीला हात लावेना. "मी आता फक्त कल्पना देतो," म्हणे. मग गेला अबू नासरच्या घरी कल्पना द्यायला. मजलिस म्हणजे पुरुष पाहुण्यांचा दिवाणखाना, हे एवढं लांबलचक दालन, चारी भिंतींना लागून गाद्या आणि लोड, मधे नुसता गालिचा. दौलतनं डोळे मिटले, खोलीला विचारलं, आणि खोली काय बोलली देव जाणे, यानं भिंतीच्या सगळ्या गाद्या काढून टाकल्या! मोठाले सोफे आणले, मस्टर्ड, त्यांची मधोमध दोन कडी केली, एकात एक, आणि बरोबर मध्यभागी प्लॅस्टरचं कारंजं. वर मासा. माशाच्या तोंडातून पाणी. आम्ही बघायला गेलो, जमालुद्दीन म्हणाला, "लय भारी झालाय!" मीही म्हटलं, छान आहे बुवा. आम्हाला काय कळतंय?

शुक्रवार. नमाज झाली आणि पाहुणे आले. आता त्यांची पद्धत काय, आत यायचं, उजव्या हाताला वळायचं, आणि भिंतीला बसलेल्या एकेकाला सलाम करत, हात मिळवत शेवटापर्यंत जायचं. पण शेवट आहे कुठे? गोल! लोक हात मिळवत निघाले ते फिरतच राहिले! एक जाडजूड गृहस्थ एकाच माणसाला तीनदा "कैफ हालक", म्हणजे कसा आहेस, विचारून आले, तिसऱ्यांदा तो म्हणाला, अहो, आहे तसाच आहे! कॉफीवाला उजवीकडून वाढत निघाला, त्याला सुरुवात सापडेना, काहींना चार कप झाले, काहींच्या हाती फिंजानच नाही. आणि अबू नासरचे वडील, म्हातारा, पांढरी दाढी, ते आपले समोरच्या भिंतीकडे, बाहेरच्या कड्यात मानाच्या जागेवर जाऊन बसले, तर समोर काय? आतल्या कड्यातल्या बारा-पंधरा जणांच्या पाठी! नुसत्या पाठी! आणि त्यांच्यात म्हाताऱ्याला पाठ दाखवणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं.

म्हातारा उठला. जमालुद्दीननं नंतर आम्हाला अर्थ सांगितला. म्हणाला, "माझ्याच घरात मला पाठी बघायला बसवलं?" काठी टेकत बाहेर गेला आणि अंगणात कुंपणाच्या भिंतीला टेकून मातीत बसला. त्याच्यामागे एकेक पाहुणा. सगळे रणरणत्या उन्हात भिंतीला पाठ लावून ओळीनं! आणि आत कोण? दौलत आणि मासा.

अबू नासर ओरडला नाही, तेच वाईट. हळू म्हणाला, "काढ. आत्ता. एकटा. यल्ला." आणि मुहंदिससाहेबांनी ते सोफे एकेक करून डोक्यावर घेतले, सगळ्या पाहुण्यांसमोरून, अंगणातून, ट्रकपर्यंत. मी फाटकाशी उभा. हात पुढे केला तर कफिलानं डोळे वटारले. तुम्हाला सांगतो, इतके दिवस मी त्याची टर उडवली, पण त्या दिवशी मला बघवेना. घाम गाळत, खाली मान घालून जात होता, आणि त्याला सोफा दिसत नव्हता, आनंदीवहिनी दिसत होत्या, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

म्हातारा मात्र खूष! काठी आपटून म्हणतो, "माशाल्ला! काय पाठ आहे! उंटसुद्धा असा उचलणार नाही!" सगळे पाहुणे माना डोलवायला लागले, वाहवा, वाहवा! आता अबू नासर शब्दाचा पक्का माणूस. पाहुण्यांनी वाहवा केली की धंदा बदलून देतो, म्हणाला होता ना? दिला! नवा इकामा आला, जमालुद्दीननं वाचला, एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि दौलतकडे न बघता म्हणाला, "नज्जार खलास. हम्माल लिवलाय."

तेव्हा फोन कुणाला परवडायचा, आम्ही कॅसेटी भरून पाठवायचो. दौलतनं भरली, सगळं खरं खरं सांगितलं. महिन्यानं वहिनींची उलट कॅसेट आली, चौघं कान देऊन बसलो.  वहिनी म्हणतात, "येणं नाय तर नाय. रडून झालं माझं. पण मी हितं वाडीभर सांगितलंय, आमचे हे डिझायनर झाले. तेव्हा सुट्टीत याल तर खबरदार, हातात रंधा दिसता कामा नये! मागच्या दाराचं बिजागर निखळलंय, त्याला मी दुसरा सुतार बघते."

घ्या! तिकडे डिझायनर, इकडे हमाल, आणि बायको सावर्ड्याला. डिझाइन म्हणे, डिझाइन! त्यातच आमच्या केबिनची खिडकी लागत नव्हती, रात्रभर वाळू यायची तोंडावर, म्हटलं दौलत, दोन खिळे मार. तर म्हणतो, "नाना, इकाम्यात बसत नाही."