दोन शब्द: पडदा आणि दुसरा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉक्टरबाई, आणि बाईंच्या कृपेने मला इथून नीट दिसणाऱ्या श्रोतेहो,

रुग्णांच्या वतीने दोन शब्द बोल, असा बाईंचा हुकूम आहे. दोनातच भागवते. पहिला शब्द, पडदा. डोळ्याच्या आत मागे जो नाजूक थर असतो, त्याला आपण पडदाच म्हणतो. तो सुटला की दिसणं गेलं.

माझा डावा गेला तेव्हा मी सांगितलं, बाथरूममध्ये पडले. पुढे उजव्यातही ठिणग्या चमकायला लागल्या. बाई कडाडल्या, "दोन्ही पडदे सुटायचा धोका कुणाला, सांगू? जाड चष्म्यावाल्यांना. घराण्यात कुणाचा सुटलेला असेल त्यांना. तुझ्या आईचा होता. एक डोळा आधीच गेलाय त्यांना. आणि चौथं, मार! पहिल्या तिघांना माझा इलाज नाही. पण काय गं, तुझं ते बाथरूम दारू पिऊन घरी येतं का?"

हसा, हसा. मीही हसले होते, सुजलेल्या तोंडाने.

त्या बाथरूमने केसांना धरून माझं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं होतं, पुन्हा पुन्हा. चष्म्याची काच गालात घुसली. ओरडले, तर तोंडात टॉवेल कोंबला. शेजारच्या खोलीत सासरे बातम्या बघत होते. त्यांनी आवाज वाढवला. सकाळी म्हणाले, "सूनबाई, झाल्या प्रकारावर पडदा टाका."

बाईंनी उजवा पडदा जागेवर बसवला आणि मला घरी सोडलंच नाही. नवरा वॉर्डात घुसला, तर दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्याने त्यांचं मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज मी पट्टीखालून ऐकला. ऑपरेशन करणारा हात होता हो तो! अध्यक्षांनी मघाशी 'प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती' म्हटलं, ते हे कारण.

उठू नका, मामंजी. आभार राहिलेत.

होय, हे अध्यक्ष महोदयच माझे तेव्हाचे सासरे. पहिल्या रांगेतल्या ज्या मुलीची त्यांनी 'आमची होणारी सून' म्हणून कौतुकाने ओळख करून दिली, तिचीही भिंगं माझ्याइतकीच जाड आहेत. आणि बाईंचा चौथा मुद्दा तिच्या शेजारी, तिचा हात धरून बसलाय.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पदरात घ्या.

दुसरा शब्द राहिला. तो तुझ्यासाठी, पोरी.

ऊठ.