मैनेचं प्रेशर

रोह्याहून पेणला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

"विमलबाई, गडब आलं. मी म्होरं चालले, तुमाला उतरायचं नाय?"

"नाय गो शकू. पेणला डॉक्टरकडं चालले. सारखी घेरी येते."

"अन् काल वरसे गावात दिलेल्या तुमच्या लेकीनं रोह्यात दाखवलं ना तुमाला?"

"दाखवलं. डॉक्टर कोण म्हायती हाय? डॉक्टरकी शिकताना आपल्या गावात प्रेशर तपासायला आलेला, तोच."

"घरोघर फिरायचं सोडून तुमच्या पडवीत बसून वही भरायचा, तो?"

"तोच. मी गोठ्याकडं तोंड करून मैनेला हाक मारली, तर तिचं बी प्रेशर लिवलंन. एकशेवीस, ऐंशी."

"म्हशीचं?"

"म्हशीचं. काल बी तसंच. पट्टा टेबलावर, मान खाली, अन् माझं लिवलंन एकशेवीस, ऐंशी. मग नाव इचारलंन."

"मग?"

"मी सांगितलं, मैना, गडब."

"अगो बाय. अन् तो?"

"म्हनला, गडबला मीच तपासलं होतं तुमाला. तवापासून नॉर्मलच हाय."

"तुमी काय म्हनलात?"

"म्हनलं, व्हय, दूध बी चांगलं देत होते. तरी मान वर नाय केलीन."

"अन् ह्यो पेणचा कसा हाय?"

"दंडाला पट्टा गुंडाळतो म्हनतात. गुंडाळलान, तर खरं नाव सांगेन."