वांग्यासाठी एक दाबा

नांदुऱ्याच्या बस स्थानकावर कोकिळाबाई वरवट बकालच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर उकंडराव आणि त्यांची इंजिनियर पुतणी अर्पिता बोलत होते.

"पोरी, काल दिवसभर खपली, तरी आपल्या भाजीपाला मंडळाची फोन लाइन काऊन नाही सुरू झाली?"

"काका, ते फुकटचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरते. नव्वद टक्के झालं, का गावातलं नेट जाते. पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे भाजी चुलीवर ठेवून मिठासाठी बाजारात पळणारा आचारी!"

"हाव. म्हून आज इथून सगळं पेन ड्राइव्हमध्ये भरून घेतलं. आता नेट नसलं तरी बसते."

"मंग शेतकऱ्यानं फोन केला, का काय होईन?"

"आवाज येईन, वांग्याच्या भावासाठी एक दाबा, टमाट्यासाठी दोन."

"आवाज कोणाचा?"

"तुमचाच. तुम्हीच त अध्यक्ष."

उकंडरावांनी घसा साफ केला. "अन् तक्रार असली त?"

"नऊ दाबायचं. तो फोन सरळ तुमच्या मोबाइलवर."

कोकिळाबाईंनी कान टवकारले.

"पोरी," उकंडराव हळूच म्हणाले, "तो नऊ नंबर तेवढा गावातल्या नेटवरच राहू दे."