सॉसचा दुसरा हात

नाही हो, नाही सांगत मी. एकदा सांगून झालंय, दोनदा सांगून झालंय, आता या बाकावर बसलोय तो गुडघ्याला आराम म्हणून बसलोय, कथा सांगायला नाही... पण तुम्ही सोडताय थोडेच! सकाळपासून या प्लास्टरच्या खोलीबाहेर जो येतो तो माझ्या शेजारी टेकतो, जरा खाकरतो, आणि हळूच विचारतो, "काका, जावयानं तुम्हाला वाचवलं म्हणे?" वाचवलं? कोणी? कुणाला? कशापासून, टोमॅटोपासून? अहो, टोमॅटो काय अंगावर धावून येतात का! तो आत पाय लांब करून बसलाय ना, त्यानं कंपाउंडरला सांगितलं, कंपाउंडरनं झाडूवाल्या मावशींना सांगितलं, मावशींनी अख्ख्या रांगेला सांगितलं, आणि आता खरं काय ते सांगायची पाळी माझ्यावर! बरं. ऐका. पण मधे बोलायचं नाही. मधे कोणी बोललं की मी उठलो.

तुम्हाला सांगतो, माझा जन्म गेला लोकांच्या भिंती रंगवण्यात. शाळा दोन-चार वर्षं केली, तीही खिडकीबाहेर बघत. पण भिंतीतलं मला कळतं. आधी खरवडायचं, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, मग घासायचं, मग रंगाचा पहिला हात, तो वाळू द्यायचा, मग दुसरा हात. आणि घरमालक काय म्हणणार? "मिस्त्री, जरा झटपट होईल का?" झटपट म्हणे! या झटपटनं माझं आयुष्य खाल्लंय. झटपट केलेल्या भिंतीचे वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात, आणि मग तोच मालक बोट दाखवून म्हणतो, "बघा तुमचं काम!" माझं काम? माझं कसलं, तुझ्या घाईचं काम!

असो. आमची ही गेली, तेव्हापासून मी एकटा राहतो. दोन खोल्या, तळमजला, दारात एक मोडकी खुर्ची, कुणाची कटकट नाही. सकाळी चहा, दुपारी अंडं-पाव, रात्री पाव-अंडं. काय कमी आहे? पण लेकीला बघवेना. तिचं एकच, "बाबा, चला आमच्याकडे." का? तर एकदा दूध उतू गेलं! मी दारात मीटरवाल्याशी भांडत होतो, भांडण रंगात आलं होतं, अर्ध्यावर सोडता येतं का? आत दूध उतू जाऊन पातेलं करपलं. पातेलं करपलं हो, घर नाही! पण नेमकी लेक त्याच वेळी आली, नाकाला पदर, डोळ्यांत पाणी, "बाबा, उद्या काही झालं तर?" आणि मागे जावई उभा, मान डोलावतोय. देवळातल्या घंटेसारखी मान आहे त्याची, कुणीही यावं आणि हलवून जावं.

मी म्हटलं, मी इथून हलणार नाही. लेक म्हणाली, "मग दाखवा करून. रविवारी आम्ही तिघं जेवायला येतो. तुमच्या हातानं आम्हाला जेवायला घाला. अंडं नाही, पाव नाही, नीट काहीतरी. जमलं तर राहा इथं खुशाल, मी परत तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर सोमवारी सामान बांधायचं."

ऐकलंत? पोटच्या पोरीनं माझी परीक्षा घ्यायची! शाळेत कधी पास झालो नाही, आता म्हातारपणी स्वयंपाकघरात बसायचं परीक्षेला, आणि नापास झालो तर शिक्षा काय, तर राहतं घर सोडायचं!

त्यात आमची नात. फटाकडी म्हणतो मी तिला, कारण वात लावायच्या आधीच उडते. ती टुणकन म्हणाली, "आजोबा, पिझ्झा करा!" मी म्हटलं, अगं, मला तो नीट म्हणतासुद्धा येत नाही! तेव्हा जावयानं तोंड उघडलं. तेच ते तोंड. "अहो बाबा, एकदम सोपं आहे! खालचा पाव तयार मिळतो, चीज तयार मिळतं. फक्त सॉस घरी करायचा, ताज्या टोमॅटोचा. झटपट होतो! मी तुम्हाला व्हिडिओ पाठवतो."

झटपट म्हणे!

पाठवला व्हिडिओ. मी चष्मा लावून बघितला. एक बाई, नखं रंगवलेली, स्वयंपाकघर असं की तिथं कधी कुणी साधा कांदा चिरला नसेल. आणि बोलणं? "हाय फ्रेंड्स! आज आपण बघणार आहोत झटपट पिझ्झा सॉस! तर मी इथं टोमॅटो सोलून घेतलेयत..." घेतलेयत! कधी घेतले? कोणी घेतले? "लसूण बारीक चिरून घेतलाय..." अगं बाई, सगळं घेऊनच ठेवलंयस तर झटपट होईल नाहीतर काय! मीपण उद्या सांगतो, फ्रेंड्स, मी इथं भिंत खरवडून, घासून, लांबी भरून, पहिला हात मारून घेतलाय, आता बघा दुसरा हात कसा झटपट होतो!

रविवारी सकाळी भाजीवालीकडे गेलो. ती म्हणाली, "कशाला पाहिजेत, आजोबा? सॉसला? मग हे न्या, मऊ, लालबुंद." मी म्हटलं, वा गं वा, सडका माल म्हाताऱ्याच्या गळ्यात! मी आपले निवडून टणटणीत घेतले, चकचकीत, भिंतीवर मारले तर भिंतीला पोचा पडेल असले. ती म्हणाली, "आजोबा, ते आंबट होतील, शिजणार पण नाहीत." बरोबर निघालं तिचं. पण हे तुमच्या-माझ्यात. तिच्या कानावर गेलं तर याद राखा.

घरी आलो. आता मी काम कसं करतो? कुठल्याही कामाआधी जमिनीवर पेपर पसरायचे. चाळीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप जातो. स्वयंपाकघरभर रद्दी पसरली, फळीवर जुनी चादर टाकली, डब्यांवर दुसरी टाकली, अंगात रंगकामाचा शर्ट चढवला आणि म्हटलं, या आता.

टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकले. सालं काढायला गेलो. निघतात का? बोटं भाजली, सालं तिथंच! शेवटी पत्र्याचा पट्टा घेतला, लांबी भरायचा, कोरा होता हो, तोंडं करू नका, आणि त्यानं एकेक खरवडला. तेलात लसूण टाकला, वास सुटला, शेजारची मांजर खिडकीत येऊन बसली. मग चिरलेले टोमॅटो टाकले आणि जे उडायला लागलं, जे उडायला लागलं... शर्टावर, चादरीवर, चष्म्यावर, पेपरांवर! वर ते पाणीच पाणी. डावानं ठेचतोय, घोटतोय, पण शिजेल तर शपथ. मीठ घातलं, मिरपूड घातली, साखरेची चिमूट घातली, जावयानं दिलेली ती सुक्या पाल्याची पुडी घातली. व्हिडिओतली बाई म्हणते, "थोडं घट्टसर झालं की गॅस बंद करायचा, बघा किती झटपट!" थोडं म्हणजे किती? घट्टसर म्हणजे कसं? सांग ना! तिचं झालंसुद्धा, ती हात हलवून निघून गेली, आणि माझं पातेलं खदखदतंय. पहिल्यांदा शिजवलं, पाणी. अजून शिजवलं, पाणीच. खाली उतरवलं, जुन्या मलमलीतून गाळलं, जसा रंग गाळतो तसा, परत चढवलं.

आता रंग घट्ट आहे की पातळ, हे आम्ही कसं बघतो? भिंतीवर एक ठिपका मारून बघतो. ओघळ आला तर पातळ, जागच्या जागी राहिला तर बरोबर. साधी गोष्ट आहे. हात सवयीनं गेला. गॅसमागच्या भिंतीवर, माझ्याच हातानं रंगवलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, मारला एक पट्टा ब्रशनं. ब्रश नवीन, खोक्यातला, धुतलेला. ओघळला, पार खालपर्यंत. शिजवलं. शेजारी दुसरा मारला. ओघळला, पण जरा अडखळत. अजून शिजवलं, तिसरा. हं, आता मनावर घेतोय. आणि चौथा मारला... हलला नाही बघा! असा बसला भिंतीवर, जसा काही तिथंच जन्मला. मी उभा राहून बघत राहिलो. काय तो रंग! ही असती तर म्हणाली असती, "भिंत कोण पुसणार आता?" पण चाखून बघितलं असतं तिनं आधी, नक्की.

मग पावांवर सॉसचा पहिला हात दिला. आणि वाळू दिला. का वाळू दिला म्हणता? पहिला हात ओला असताना दुसरा मारला की दोन्ही बिघडतात, एवढंही कळत नाही? फोन वाजला, जावई, "बाबा, झालं का झटपट? निघालोय आम्ही." झटपट म्हणे! मी फोन ठेवूनच दिला. दुसरा हात दिला, चीज टाकलं, तव्यावर पहिला पाव ठेवला आणि झाकण शोधायला गेलो, तर ते हातातून निसटून टेबलाखाली गेलं. म्हणून मी गुडघ्यांवर बसलो. लक्षात घ्या, मी झाकणासाठी बसलो होतो. पडलो नव्हतो, कोसळलो नव्हतो, झाकण शोधत होतो!

तेवढ्यात ते आले. दार उघडंच होतं. आमच्या दारातून थेट स्वयंपाकघराची भिंत दिसते. आणि दाराशी बूट काढता काढता जावयानं वर बघितलं. भिंतीवर लाल ओघळ, जमिनीवर लाल पेपर, टेबलाखालून दिसतायत माझे पाय, आणि कोपरापर्यंत लाल हात. झालं!

"रक्त! बाबा! कुणी हलू नका!" असं ओरडला, आणि स्वतःच धावत सुटला! पायात मोजे, खाली टोमॅटोच्या पाण्यानं भिजलेले पेपर. न्हाणीत साबणाची वडी हातातून सुटते ना, तसा आला तो माझ्या दिशेनं, उभ्याउभ्या, दोन्ही हात वर, आणि पाय थेट ओट्याच्या कोपऱ्यावर. असा आवाज झाला की मांजर गेली ती परवापर्यंत आली नाही.

आणि मग आडवा पडून मला विचारतो, "बाबा... तुम्ही ठीक आहात ना?"

मी म्हटलं, "मी ठीक आहे, पण जावईबापू, तुम्ही झाकणावर पडलाय."

लेक धावत आली. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे. मी म्हटलं, संपलं. बांध बाबा सामान. दूध उतू गेलं होतं तेव्हा निदान भिंत पांढरी होती, आता कसलं तोंड घेऊन सांगणार मी एकटा राहतो म्हणून! ती सरळ भिंतीपाशी गेली. तिनं त्या चौथ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, आणि चाटलं.

नवरा खाली विव्हळतोय हो! आणि ही भिंत चाटतेय!

"लसूण तेलात आधी परतलाय?" 

"परतलाय."

परत बोट फिरवलं. "थोडा आंबट आहे."

"थोडा आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"चांगला आहे, बाबा." एवढंच म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं. या वेळी धूर नव्हता, काही नव्हतं, तरी पुसलं. फटाकडीनं चारही पट्ट्यांची चव घेतली आणि निकाल दिला, "आजोबा, चौथा बेस्ट!" मग तिघांनी मिळून जावयाला उचलून गाडीत घातलं, लेक गाडी चालवायला बसली, आणि मी तव्यावरचा पिझ्झा ताटलीत घेऊन मागे बसलो. टाकून येऊ? एवढा जीव घातलेला! वाटेत जावयाला भरवला. "आई गं" आणि "अजून एक तुकडा द्या" याखेरीज इथं पोचेपर्यंत त्याच्या तोंडून तिसरा शब्द नाही.

त्या रविवारी इथंच, याच बाकावर, लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही राहा तुमच्या घरी. मी आता काही बोलणार नाही." माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं हो! मी जिंकलो! घर माझं, खुर्ची माझी, अंडं-पाव माझा!

आणि मग डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "पायावर भार द्यायचा नाही. जिना अजिबात चढायचा नाही." आता जावयाचं घर कुठं? चौथ्या मजल्यावर. लिफ्ट? नाही. लेकीनं माझ्याकडे बघितलं, मी तळमजल्यावर राहणारा माणूस, मी दुसरीकडे बघितलं... काही उपयोग झाला नाही.

तर मी कुणाकडे राहायला गेलो नाही. ते सगळे माझ्याकडे आलेत! माझ्या पलंगावर जावई, माझ्या उशीवर त्याचा पाय, आणि मी स्वयंपाकघरात सतरंजीवर. बघायला येणाऱ्यांची रीघ. सगळ्यांच्या हातात फळं, सगळी त्याला. "सासऱ्यासाठी जिवावर उदार झालात हो!" आणि तो? देवळातली घंटा! "काही नाही हो, कोणीही केलं असतं," म्हणतो. अरे, काय केलं असतं? आणि आलेल्यांना चहा कोण करतं? जो वाचला तो! परवा तर पलंगावरून हाक मारतो, "बाबा, आज संध्याकाळी मित्र येतायत. सॉस जरा झटपट होईल का?"

थांबा, दार उघडलं वाटतं... काय म्हणालात, कंपाउंडर? प्लास्टर अजून राहू द्या? हाड सावकाश जुळतंय?

घ्या! जन्मभर सगळं झटपट पाहिजे या माणसाला, आणि हाड तेवढं सावकाश!

राहू दे. राहतील. कुठं जातील, मीही कुठं जाणार... लेक म्हणते मन मोठं करा, केलं. नात म्हणते अजून एक पिझ्झा करा, तोही करीन, मऊ टोमॅटोचा. कुणाबद्दल काही मनात नाही माझ्या. फक्त एका माणसानं माझी माफी मागायची राहिलीय, ती त्यानं मागावी, चारचौघांत मागावी, आणि सावकाश मागावी. बघा, आलाच तो, कुबड्या टेकत, सगळ्यांकडे बघून हसत... माझा जावई.