चाळीसपैकी चौदा

—आणि मी म्हणतो, सही नसली तर चित्र बिघडतं काय? तीच खाडी, तोच बांध, तीच चिखलात रोवलेली लाकडं, तेच एक पान नसलेलं झाड. बघ की नीट. मुंबईत चार वर्षं चित्रकला शिकलीस ना गो दर्शना, मग चित्र सोडून कागदाच्या कडा कसल्या तपासतेस? फ्रेम उघडा म्हणालीस, उघडली. काच काढा म्हणालीस, काढली— एकेक खिळा उपटून दिला. आता पिशवीतून भिंग काढलंयस. भिंग! पस्तीस वर्षं झाली मला राम आळीत दुकान घालून— देव, पुढारी, नवरा-नवरी, मेलेले म्हातारे, सगळ्यांना चौकटीत बसवलं मी, एकालाही भिंग लागलं नाही.

हो, कळलं, एचिंग. पत्र्यावर सुईने ओरखडायचं, ॲसिडात बुडवायचं, शाई भरायची नि कागद दाबायचा— सांगितलंस मघाशी. आणि हा तुझा जर्मन, वेडेमान का कोण, युद्धात ह्याचं शहर बेचिराख झालं म्हणून पुढं जन्मभर रिकामी शेतं नि दलदलीच काढत बसला. बसला तर बसला. आमच्या जयगडला एवढी मोठी खाडी पडलीय, तिच्याकडे कोण कुत्रं बघत नाही, नि ह्याचा काळा चिखल म्हणे म्युझियममध्ये टांगतात! तुम्हा शिकलेल्यांना परदेशातला चिखलसुद्धा गोड लागतो.

तुझ्या आजोबांचं मला नको सांगूस, सगळ्या जयगडला ठाऊक आहे ते. भिवा खलाशी. जर्मन बोटीवर होते, हँबर्गला पाय मोडला, दोन महिने इस्पितळात पडले नि बाजूच्या खाटेवर हा वेडेमान. ह्यांची भाषा त्याला येईना, त्याची ह्यांना— मग दोघं कागदावर होड्या काढून दाखवायचे एकमेकांना, लहान पोरांसारखे. निघताना त्याने हे दिलं. दुसरे खलाशी येताना टेपरेकॉर्डर आणायचे, घड्याळं आणायचे, साड्या आणायचे. ह्यांनी आणला चिखल! नि चाळीस वर्षं ट्रंकेत घोंगडीखाली जपला.

मग ते गेले. नऊ वर्षं झाली ना? त्यानंतर तुझी आजी, धोंडूबाई, एसटीने एकटी आली हे घेऊन. भिंतीवर लावायचंय म्हणाली, ह्यांची आठवण. मी माप घेतलं. एका गिऱ्हाइकाने नेलीच नाही अशी सागवानी फ्रेम पडून होती— छान बसत होतं त्यात, फक्त खालून दोन बोटं जास्त. मग काय करतात? कापतात. कुणीही कापेल. आणि खाली होतं तरी काय, पेन्सिलीची खरड! एका कोपऱ्यात चौदा, तिरपी रेघ, चाळीस. मला वाटलं मास्तरने मार्क दिलेत— चाळीसपैकी चौदा, नापास झालेलं चित्र! हसायला येत नाही? बरं. मला काय स्वप्न पडलं होतं की चाळीस छापली नि त्यातलं हे चौदावं? आणि माणसाने सही करायची तर पेनाने करावी, ठसठशीत. पेन्सिलीने कोण करतं? त्यात पुढं ते बी, एच, आय—

काय? मी कुठं काय म्हटलं? सही म्हटलं मी. सही.

बरं, वाचलं. वाचता येतं मला, मॅट्रिक आहे मी. पण कापताना नाही वाचलं, शप्पत. कापल्यावर. आधी तुझी आजी आली, चार दिवसांनी, फ्रेम न्यायला. दुकानात दोन-तीन माणसं उभी होती, चांगली, बंगल्यातली. हिने काचेवर बोट ठेवलं, हे बघ, इथं— "ह्यांचं नाव व्हतं हितं. कुठं गेलं?" मी म्हटलं, "काकी, इथं काहीच नव्हतं." निघालं तोंडातून. मला वाटलं, अक्षर वाचता येत नाही नि नाव कसलं शोधते ही? आता मला काय ठाऊक की ज्या बाईने जन्मात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही, ती रोज संध्याकाळी ट्रंक उघडून त्या खरडीवर बोट ठेवायची! माझ्याकडे बघितलं तिने. मग चित्राकडे. "नव्हतं?" एवढंच बोलली नि गेली.

ती पट्टी मला त्याच संध्याकाळी सापडली, टाकाऊ तुकड्यांत. इंग्रजी अक्षरात भिवा, त्याच्या बाजूला होडी— नखाएवढी, शीड नि वल्ह्यासकट. जयगडची गाडी मिळाली असती मला. पण जाऊन काय सांगायचं? की आप्पा फ्रेमवाला चार माणसांत खोटं बोलला? फाडली. चार तुकडे केले नि खळीच्या स्टोव्हवर धरले. बास, झालं तुझं समाधान?

मग ती जो भेटेल त्याला सांगत सुटली की चित्र बदललं, नाव गेलं. तुझा बाप, दीपक, आला होता विचारायला, तू उभी आहेस तिथंच उभा होता. "आप्पा, खरंच काही नव्हतं?" मी म्हटलं, "वय झालं रे आता त्यांचं." पुढं कानावर आलं, डॉक्टरकडे नेली, गोळ्या सुरू केल्या, गॅसजवळ जाऊ देत नाहीत, बाजारात एकटी सोडत नाहीत. जयगडच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात बाप्यांना गप्प करणारी बाई ती! पण ते मी नाही हां केलं. ते तुम्ही केलंत. सख्ख्या आईच्या बोलण्यापेक्षा फ्रेमवाल्याच्या पाच शब्दांवर विश्वास ठेवलात तुम्ही, नि भिंग घेऊन मला शोधायला येता? नऊ वर्षांत एकानेसुद्धा ती काच उघडून बघितली नाही! मी खोटारडा, कबूल. पण तुम्ही कोण?

नीघ आता. बांधून देतो, ने. फ्रेम परत ठोकणार नाही मी, दुसरा बघ कुणीतरी. आजीला काय सांगायचं ते सांग. माझं नाव घे, नको घेऊस, मला काय त्याचं. जेवायची वेळ झाली माझी, शटर ओढायचंय. चल.

काय? रिक्षात कोण?

...तू एकटी आलीस म्हणालीस ना? नाही म्हणालीस? थांब, आत नको आणूस, इथं सगळा पसारा— अगो, थांब—

या. या काकी. पायरी उंच आहे, जपून. बसा, ह्या स्टुलावर बसा. पाणी देऊ? मी हिला तेच सांगत होतो, की— म्हणजे, तुम्ही तेव्हा जे—

तुम्ही बोला, काकी.